ना डायरी, ना ऑफिस, ना खिशात पैसा. तरी गाडगेबाबांची कामं तडीस कशी जायची?

कामाचं नियोजन जमत नाही म्हणून आपण मोबाईलमध्ये अ‍ॅप टाकतो, टेबलावर रंगीत चिठ्ठ्या चिकटवतो. सोमवारी यादी करतो आणि शनिवारी तीच यादी पुढच्या आठवड्यात ढकलतो.

वऱ्हाडातल्या एका माणसाकडे यातलं काहीच नव्हतं. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. अंगावर चिंध्या, एका हातात खराटा, दुसऱ्या हातात मडक्याचं खापर. ऊन लागलं की तेच खापर डोक्यावर, भूक लागली की तेच ताट. आणि या माणसाने मूर्तिजापूरपासून पंढरपूर, नाशिक आणि मुंबईपर्यंत धर्मशाळा, अन्नछत्रं, घाट आणि शाळा उभ्या केल्या.

गाडगेबाबा म्हटलं की आपल्याला खराटा आठवतो. पण एवढी कामं एकाच आयुष्यात, एवढ्या लांब-लांब गावांत पूर्ण कशी झाली, हे फारसं सांगितलं जात नाही. तेच बघू.

डेबू नावाचा कामाचा माणूस

23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. घर परटाचं. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखुबाई लेकराला घेऊन माहेरी आली, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला. हे गाव अकोला जिल्ह्यातलं.

मामाच्या घरी डेबूने गुरं राखली, मग नांगर धरला. शाळा नशिबात नव्हती, पण शेतीचं काम असं अंगात मुरलं की वावरातल्या कामात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. शेतकऱ्याला वेळेचं भान कोणी वेगळं शिकवावं लागत नाही. वाफसा आला की पेरायचंच. आज जमत नाही, उद्या बघू, असं मातीला सांगता येत नाही.

याच घरात त्याने दुसरी गोष्टही पाहिली. मामाने सावकाराचं कर्ज काढलं, कागदावर काय लिहिलंय हे न कळता अंगठा उठवला आणि जमीन हातची गेली. मामा त्या धक्क्यातून सावरलेच नाहीत. जमिनीचा ताबा घ्यायला आलेल्या सावकाराच्या माणसांसमोर डेबू नांगर धरून उभा राहिला. हिशेब कळला नाही की कष्ट पाण्यात जातात, हे त्याला तिथे कळलं. पुढे बाबांच्या कीर्तनात कर्ज आणि शिक्षण हे दोन विषय कायम यायचे.

पहिलं काम: नदीकाठचा चिखल

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचं गाव आहे. पौष महिन्यातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. त्या काळी नदीत उतरायला धड वाट नव्हती. काठावर चिखल, म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्या बाया घसरून पडायच्या. लोक दरवर्षी पडत होते आणि दरवर्षी परत येत होते.

डेबूजींनी फावडं घेतलं आणि दरडीत पायऱ्या खोदायला सुरुवात केली. कोणाला विचारलं नाही, सभा घेतली नाही. एकटा माणूस काम करताना दिसला तेव्हा हळूहळू बाकीचे हात लागले. पुढे 1908 मध्ये त्याच पूर्णेवर पक्का घाट झाला.

बाबांची पुढची सगळी कामं याच क्रमाने झालेली दिसतात. आधी लोकांची नेमकी अडचण बघायची, मग स्वतः हात घालायचा, मग लोकांना सोबत घ्यायचं, आणि पक्कं बांधकाम सगळ्यात शेवटी. आपल्याकडे बऱ्याचदा उलटं होतं. आधी उद्घाटनाची तारीख ठरते, अडचण काय आहे हे नंतर शोधलं जातं.

घर सोडल्यावर

1892 मध्ये डेबूजींचं कुंताबाईंशी लग्न झालं होतं, संसार सुरू होता. 1 फेब्रुवारी 1905 रोजी ते घर सोडून निघाले आणि मग आयुष्यभर फिरत राहिले. डेबूजीचे गाडगेबाबा झाले.

त्यांचा दिवस कसा असायचा? गावात शिरलं की थेट खराटा हातात. गटारी, रस्ते, देवळासमोरचं पटांगण झाडायला सुरुवात. आधी लोक वेडा समजायचे, मग बघायला जमायचे, मग त्यातले चार जण खराटा घ्यायचे. रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन.

यात वेळेचा फार मोठा हिशेब आहे. दिवसभर झाडताना गाव कळायचं. कुठे दारू चालते, कुठे नवसाला बकरं कापतात, कोणाला पाणवठ्यावर येऊ देत नाहीत. रात्रीच्या कीर्तनाचा विषय दिवसभराच्या कामातूनच मिळायचा आणि ऐकणारी माणसंही त्याच कामातून जमायची. कीर्तनही वऱ्हाडी बोलीत, प्रश्न विचारत, लोकांकडूनच उत्तरं काढून घेत. काम झालं की बाबा पुढच्या गावाला. आरती ओवाळून घेण्यात, पाया पडून घेण्यात वेळ घालवणं त्यांना मुळीच चालत नसे.

पैसा हातात नाही, तरी बांधकाम थांबलं नाही

पंढरपूरला वारीत लाखो लोक यायचे, पण अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना उतरायला जागा मिळत नसे. बाबा वारीला जायचे ते चंद्रभागेचं वाळवंट झाडायला. तिथे त्यांनी 1917 मध्ये चोखामेळा धर्मशाळा उभी केली. 1925 मध्ये मूर्तिजापूरला गोरक्षण, धर्मशाळा आणि विद्यालयाचं काम झालं. नाशिकला धर्मशाळा आणि सदावर्त सुरू झालं. मुंबईत जे. जे. रुग्णालयात गावाकडचे पेशंट यायचे आणि त्यांचे नातेवाईक फुटपाथवर झोपायचे. त्यांच्यासाठी 1954 मध्ये धर्मशाळा झाली.

एवढा पैसा यायचा कुठून? लोकांकडून. व्यापारी द्यायचे, कष्टकरीही द्यायचे. पण बाबा स्वतः पैशाला हात लावत नसत. पैसा कोणी ठेवायचा, खर्च कोणी करायचा, देखरेख कोणी करायची, याची माणसं ठरलेली असायची. सगळ्या गोष्टी स्वतःच्या सहीने व्हाव्यात असा आग्रह असता, तर पंढरपूरचं काम चालू असताना नाशिकचं अडकून पडलं असतं.

दुसरी गोष्ट म्हणजे कागद. मामाची जमीन कागदावर गेली होती. बाबांनी आपल्या संस्थांचे कागद मात्र पक्के केले. विश्वस्त नेमले आणि आपल्या बायकोमुलांचा, नातेवाइकांचा त्या मालमत्तेवर काहीही हक्क राहणार नाही अशी व्यवस्था केली.

आणि तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. काम उभं राहिलं की ते सोडून द्यायचं. बाबा आपल्याच धर्मशाळेत मठ करून बसले नाहीत. 1949 मध्ये पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. गरज बदलली होती, आता मुलांच्या शिक्षणाला जागा हवी होती. 32 वर्षांपूर्वी उभं केलेलं काम योग्य हातात देताना त्यांनी मागेपुढे पाहिलं नाही.

याची किंमतही होती

ही गोष्ट फक्त यशाची म्हणून सांगितली तर अर्धी राहील. 1923 मध्ये कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना मुलगा गोविंदा गेल्याची बातमी आली. बाबांनी कीर्तन थांबवलं नाही. लोकांना आजही या प्रसंगाचं कौतुक वाटतं. पण कुंताबाईंनी आणि मुलींनी काय सोसलं असेल, हेही विचारायला हवं. बाबांच्या वेळेचा सगळा हिशेब समाजाच्या नावावर होता, आणि त्यात घराच्या वाट्याला जवळजवळ काही आलं नाही. त्यांच्याकडून पद्धत घ्यावी. घर विसरणं हे कार्यक्षमतेचं लक्षण मानून ऑफिसात रात्री काढायची गरज नाही.

माणूस गेला, काम राहिलं

वयाच्या शहात्तरीत, 8 फेब्रुवारी 1952 रोजी श्री गाडगेबाबा मिशनची स्थापना झाली. आपण नसताना या संस्थांचं काय, याची सोय बाबांनी जिवंतपणीच लावली. 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीकडे आणत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी त्यांनी प्राण सोडला. चौदाच दिवसांपूर्वी बाबासाहेब गेले होते.

बाबांची समाधी अमरावतीत आहे आणि तिथलं विद्यापीठ आज त्यांचं नाव लावतं. एका निरक्षर माणसाचं नाव हजारो पदव्यांवर छापलं जातं.

पण त्यांचं नियोजन किती पक्कं होतं हे बघायचं असेल तर मुंबईत दादरला जावं. तिथे बाबांच्या पश्चात मिशनने धर्मशाळा उभारली. टाटा रुग्णालयात कॅन्सरवर उपचार घेणारे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक तिथे राहतात. जे. जे. जवळच्या फुटपाथवरची जी अडचण बाबांनी ओळखली होती, तिच्यावरचं काम ते गेल्यावरही चालू राहिलं. त्यासाठी कोणाला बाबांची परवानगी घ्यायला थांबावं लागलं नाही.