घोड आणि भीमा नदीतल्या माशांची मराठी नावं जगभर नेणारा कर्नल साईक्स

समुद्री माशांची टाकी ठेवण्याचा शौक आता शिरूर-दौंडसारख्या गावांपर्यंत पोहोचलाय. काचेची टाकी, मिठाचं पाणी, निळा लाईट आणि त्यात फिरणारा पिवळाधमक मासा. हा मासा आला कुठून, असं दुकानदाराला विचारलं तर उत्तर बहुतेक वेळा एवढंच मिळतं, पुण्याहून नाहीतर मुंबईहून. पण मुंबईत तो कुठून आला? कोणत्या समुद्रातून, कुणी आणि कसा पकडला? तिथे सगळं गप्प होतं.

याच शिरूर-दौंडच्या पट्ट्यात जवळपास दोनशे वर्षांपूर्वी एका इंग्रज अधिकाऱ्याने पकडलेल्या माशांबद्दल हीच माहिती टिपून ठेवली होती. नाव काय, नदी कोणती, गाव कोणतं. त्या अधिकाऱ्याचं नाव विल्यम हेन्री साईक्स.

साईक्सचा जन्म १७९० चा, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा. चौदाव्या वर्षी गडी ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत दाखल झाला. १८०५ मध्ये लॉर्ड लेकने भरतपूरला वेढा घातला तेव्हा तो तिथे होता. पुढे १८१० मध्ये हिंदुस्थानी आणि मराठी या दोन्ही भाषांचा दुभाषी म्हणून तो पास झाला. हे मराठी त्याला नंतर फार उपयोगी पडणार होतं. १८१७ च्या खडकीच्या लढाईत तो पेशव्यांच्या विरोधात लढला. म्हणजे आपल्याकडे तो आला तो शत्रूच्या बाजूने, हे विसरायचं कारण नाही.

पेशवाई बुडाली आणि साईक्स १८२० मध्ये सुट्टीवर मायदेशी गेला. युरोपभर फिरला. १८२४ मध्ये परत आला तेव्हा मुंबईचा गव्हर्नर होता माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. त्याने साईक्सला वेगळंच काम दिलं. नव्याने हातात आलेल्या मुलखाची आकडेवारी गोळा करायची. माणसं किती, गुरं किती, पिकं कोणती, पाऊस किती, धारा किती बसतो. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड हे चार जिल्हे त्याच्या वाट्याला आले. हेतू अर्थातच महसुलाचा होता.

पण साईक्सला नाद होता जिवंत गोष्टींचा. आकडे गोळा करत गावोगाव तंबू टाकायचे आणि सोबत पक्षी, प्राणी, मासे यांच्या नोंदी करायच्या, असं त्याचं चाललं होतं. आपल्या तळ्याकाठी दिसणाऱ्या ढोकरीचं शास्त्रीय वर्णन त्यानेच पहिल्यांदा केलं. दख्खनमधल्या कोळसुंद्याला दख्खनचंच नाव देणारा पण तोच.

१८२९ च्या शेवटी सरकारने खर्च कमी करायचा म्हणून ती जागाच बंद केली. दुसरा कुणी असता तर गाशा गुंडाळून गेला असता. साईक्सने परवानगी काढली आणि जानेवारी १८३१ पर्यंत राहून काम पूर्ण केलं.

आता माशांकडे येऊ. शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. तेव्हा इथे इंग्रजांची छावणी होती. घोड नदी शिरूरहून खाली जाऊन दौंडच्या वर भीमेला मिळते आणि भीमा पुढे पेडगावकडे वळते. साईक्सच्या माशांच्या यादीत ही ठिकाणं आहेत. मुसल्ला नावाचा मोठा मासा शिरूरजवळच्या घोड नदीतला. आणखी काही मासे पेडगावजवळच्या भीमेतले. खुद्री पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला आणि नाकावर उंचवटा असलेला नकटा इंद्रायणीतला.

खरी गंमत पुढे आहे. नव्या माशाला लॅटिन नाव देताना साईक्सने बऱ्याच ठिकाणी मराठी नाव जसंच्या तसं उचललं. नकटा झाला नुक्ता, मळ्या झाला मुल्या, शिंगटी झाली सींगटी, शिंगाळा झाला सींघाला. आज जपानमधला किंवा ब्राझीलमधला संशोधक या माशांबद्दल लिहितो तेव्हा तो नकळत भीमाकाठची मराठी बोलत असतो.

पण ही नावं सांगितली कुणी? नदीवर जाळं टाकणाऱ्यांनीच. साईक्सने यारेल, व्हिगर्स, ओगिल्बी अशा इंग्रज विद्वानांची नावं माशांना दिली. मासे पकडणाऱ्या एकाही माणसाचं नाव कोणत्या माशाला मिळालं नाही.

माशांवरचा हा निबंध लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीने १८४१ मध्ये छापला. याच सोसायटीने १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कात फिश हाऊस उघडलं. जगातलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय ते हेच. फिलिप गॉस या निसर्ग अभ्यासकाने तिथे समुद्री जीव पुरवले आणि घरी समुद्री टाकी कशी ठेवायची यावर पुस्तकही लिहिलं. इंग्लंडला वेड लागलं. लोक बादल्या घेऊन किनाऱ्यावर उतरले आणि खडकांमधली डबकी रिकामी करून आले. किनारे ओसाड झाल्याचं गॉसच्याच मुलाने पुढे लिहून ठेवलं. कुठून किती घेतलं याचा हिशेब कुणीच ठेवला नव्हता.

साईक्स तोवर कंपनीत बराच वर चढला होता. १८४० मध्ये संचालक, १८५६ मध्ये अध्यक्ष, १८५७ पासून ॲबरडीनचा खासदार. १६ जून १८७२ रोजी लंडनमध्ये तो वारला.

त्याच्या कामात एक मोठी खोट राहिली. वर्णन केलेले मासे त्याने जपून ठेवले नाहीत. चित्रं आणि शब्द तेवढे मागे राहिले. त्यामुळे शिरूरचा मुसल्ला नेमका कोणता, यावर अभ्यासकांमध्ये अनेक वर्षं घोळ होता. कित्येक पुस्तकांनी त्याला महसीर ठरवून टाकलं होतं. गुंता सोडवताना आधार होता तो वर्णनाचा आणि नदी-गावाच्या नोंदीचा.

तीच नोंद आज दुसऱ्या कामाला येते. घोड नदीवर चिंचणीला धरण झालं. १९८० मध्ये उजनी पूर्ण झालं आणि फुगवटा दौंड तालुक्यापर्यंत आला. जाळ्यात आता चिलापीच जास्त येते. पूर्वी इथे काय होतं हे सांगायला साईक्सची यादी आहे. नकटा आज जागतिक लाल यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे.

समुद्री टाकीच्या माशांना अशी यादी बहुतेकदा नसते. गोड्या पाण्यातले शोभेचे मासे मोठ्या प्रमाणात शेततळ्यात आणि हॅचरीत तयार होतात, पण समुद्री टाकीतले बहुसंख्य मासे अजूनही थेट समुद्रातून येतात. काही देशांत ते पकडायला प्रवाळावर सायनाईड फवारतात. मासा गुंगतो आणि हाती लागतो, पण प्रवाळ मरतं. गुंगवलेला मासाही दुकानात ठणठणीत दिसतो आणि घरी आल्यावर काही दिवसांत दगावतो. म्हणून जाणकार मासा पसंत पडला तरी लगेच घरी नेत नाहीत. आठवडाभर दुकानातच ठेवायला सांगतात आणि आपल्यासमोर तो खातोय का ते बघतात. क्लाउनफिशसारखे मासे भारतातही हॅचरीत तयार होतात, तिथे समुद्रातला घ्यायची गरजच उरत नाही. समुद्रघोडा आणि जिवंत प्रवाळ मात्र वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत. कुणी कितीही स्वस्तात देत असला तरी ते विकणं-घेणं गुन्हा आहे.

बाकीच्या माशांसाठी बिलावर दोन गोष्टी लिहून मागता येतात, कोणत्या भागातून आला आणि जाळ्याने पकडला का. साईक्सने घोड नदीच्या मुसल्लाबद्दल यातली पहिली गोष्ट १८३० च्या दशकातच लिहून ठेवली होती.