ऑग्डेनचा कारागीर : जॉन ब्राउनिंग
– द्वितीय वर्ष, कला

नाशिक जिल्ह्यातल्या शाळेत शिकलेल्या मुलाला २१ डिसेंबर १९०९ ही तारीख वेगळी सांगावी लागत नाही. त्या रात्री विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग होता आणि तेथे अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. कान्हेरे तेव्हा माझ्याहूनही लहान होते. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कर्वे व देशपांडे यांच्यासह ते फाशी गेले. त्यांच्या हातातले पिस्तूल लंडनहून सावरकरांनी गुप्तपणे पाठवलेल्या वीस ब्राउनिंग पिस्तुलांपैकी होते, हेही आम्ही पाठ केले होते. पण ब्राउनिंग म्हणजे काय? गावाचे नाव, कंपनीचे नाव, की माणसाचे? हा प्रश्न शाळेत कोणी विचारला नाही. महाविद्यालयात आल्यावर ग्रंथालयात त्याचे उत्तर सापडले. ब्राउनिंग हा माणूस होता, आणि तो एका बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराचा मुलगा होता. माझे वडील लोहार आहेत. त्यामुळे हे चरित्र मी जरा जास्तच मन लावून वाचले.

जॉन मोझेस ब्राउनिंग यांचा जन्म जानेवारी १८५५ मध्ये अमेरिकेतील यूटा प्रांतात ऑग्डेन या गावी झाला. वडील जोनाथन ब्राउनिंग हे मॉर्मन पंथाचे. पंथाच्या लोकांबरोबर १८५२ साली ते यूटात आले आणि तेथे त्यांनी बंदुकांचे दुकान थाटले. तीन बायका आणि बावीस मुले असा त्यांचा संसार होता. दुकानात मोडक्या बंदुकांचा आणि लोखंडाचा ढीग पडलेला असे. तोच छोट्या जॉनचा खेळ आणि तीच त्याची शाळा. तसा तो शाळेत गेला, पण पंधराव्या वर्षाच्या सुमारास ते शिक्षण संपले. पुढे जगातील मोठमोठ्या कारखान्यांना ज्याने कामे दिली, त्याने अभियांत्रिकीचे महाविद्यालय कधी पाहिले नाही. कागदावर रेखाटने करत बसण्यापेक्षा तो मनात यंत्र जुळवी आणि थेट पोलादात उतरवी.

१८७९ हे वर्ष त्याच्या आयुष्यात फार महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी त्याचे लग्न झाले, वडील वारले आणि एकबारी रायफलीचे पहिले पेटंट त्याच्या नावावर झाले. भावांना हाताशी घेऊन त्याने लहानसा कारखाना काढला. १८८३ मध्ये विंचेस्टर या नामांकित कंपनीच्या फिरत्या विक्रेत्याच्या नजरेस त्यातली एक रायफल पडली. कंपनीचे अधिकारी बेनेट हे आगगाडीने ऑग्डेनपर्यंत आले आणि त्यांनी आठ हजार डॉलर देऊन त्या रायफलीचे हक्क विकत घेतले. पुढील सुमारे वीस वर्षे ब्राउनिंगने करावे आणि विंचेस्टरने विकत घ्यावे, असा क्रम चालला. १८९४ ची प्रसिद्ध विंचेस्टर रायफल त्याचीच. तिच्यावर नाव मात्र विंचेस्टरचे. काही नमुने तर कंपनीने केवळ दुसऱ्या कोणाच्या हाती पडू नयेत म्हणून घेतले आणि कधी बनवलेच नाहीत.

१८८७ ते १८८९ ही दोन वर्षे त्याने धर्मप्रचारासाठी जॉर्जिया प्रांतात काढली. परतल्यावर एके दिवशी नेमबाजी चालू असताना त्याच्या ध्यानात आले की, गोळी सुटताच नळीच्या तोंडाशी असलेले गवत वाऱ्याने झोडपल्यासारखे वाकते. दारूचा हा वायू फुकट जातो. त्यालाच कामाला लावले तर? ते गवत त्यापूर्वी हजारोंनी पाहिले असेल, पण हा प्रश्न त्याला पडला. त्यातून वायूच्या जोरावर चालणारी मशिनगन तयार झाली आणि कोल्ट कंपनीने ती १८९५ मध्ये बाजारात आणली. बंदुकीने स्वतःच्या शक्तीने स्वतःला पुन्हा भरून घ्यावे, हा विचार मग त्याने पिस्तुलात आणला.

अर्धस्वयंचलित पिस्तूल म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. चाप ओढला की गोळी पुढे जाते आणि तिचा हिसका मागे बसतो. त्या हिसक्याने पिस्तुलाचा वरचा भाग मागे सरकतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो, आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना मुठीतल्या मॅगझिनमधून नवे काडतूस नळीत ढकलतो. पुढची गोळी झाडायला पुन्हा चाप ओढावा लागतो, म्हणून ते अर्धस्वयंचलित. नळीला वरून झाकणारा हा सरकता भाग, ज्याला स्लाइड म्हणतात, ती ब्राउनिंगची देणगी. आज जगातील बहुतेक पिस्तुले याच रचनेवर चालतात. बेल्जियममधील लिएज शहराजवळ हेर्स्टाल येथे एफ.एन. हा कारखाना होता. १८९७ मध्ये त्याच्या प्रतिनिधीने ब्राउनिंगशी संधान बांधले आणि १९०० पासून ब्राउनिंगची पिस्तुले युरोपभर गेली. अमेरिकेत कोल्ट आणि युरोपात एफ.एन., अशी वाटणी झाली.

त्या काळी बाजारात दुसरी पिस्तुले नव्हती असे नाही. १८९६ चे जर्मन माउझर होते. दहा गोळ्यांचे, मॅगझिन चापाच्या पुढे, मूठ केरसुणीच्या दांड्यासारखी गोल, आणि लाकडी म्यान मागे जोडले की छोटी बंदूकच. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्यात क्रांतिकारकांनी रोडा कंपनीच्या मालातून पळवली ती हीच पन्नास माउझर पिस्तुले. काम पक्के, पण वजन किलोहून अधिक आणि खिशात ठेवणे अशक्य. दुसरे जर्मन लुगर. १९०८ मध्ये जर्मन सैन्याने ते स्वीकारले. गुडघ्यासारखा वर दुमडणारा त्याचा सांधा आणि घड्याळासारखी जुळणी पाहून संग्राहक आजही त्याच्यावर पैसे उधळतात. पण ही जुळणी इतकी नेमकी की भागांवर क्रमांक घालावे लागत, आणि चिखलमातीत ते रुसे. जपणाऱ्या मालकाला ते सुख देई, खंदकातल्या शिपायाला काळजी.

ब्राउनिंगचे पिस्तूल दिसायला साधे. १९०३ चे कोल्ट .३२ घ्या. त्याचा घोडा आत झाकलेला, म्हणून खिशातून काढताना कापडात अडकत नाही. भगतसिंगांचे पिस्तूल याच जातीचे होते, आणि २७ फेब्रुवारी १९३१ रोजी आल्फ्रेड पार्कमध्ये चंद्रशेखर आझादांच्या हाती होते तेही. आझादांचे पिस्तूल अलाहाबादच्या संग्रहालयात ठेवलेले आहे. १९१० च्या एफ.एन. पिस्तुलात तर ब्राउनिंगने स्प्रिंग नळीभोवतीच गुंडाळली. त्यामुळे सगळे पिस्तूल सडपातळ झाले. त्याच्या कामाची मोठी परीक्षा मार्च १९११ मध्ये झाली. अमेरिकी सैन्याला .४५ चे पिस्तूल हवे होते. कोल्टने बनवलेले ब्राउनिंगचे पिस्तूल आणि सॅव्हेज कंपनीचे पिस्तूल यांतून प्रत्येकी सहा हजार गोळ्या झाडण्यात आल्या. तापले की पाण्यात बुडवायचे आणि पुन्हा सुरू. सॅव्हेज ३७ वेळा अडखळले. ब्राउनिंगचे एकदाही नाही. तेच १९११ चे कोल्ट. १९८५ पर्यंत ते अमेरिकी सैन्याचे अधिकृत पिस्तूल होते.

मी स्वतः पिस्तूल हातात घेतलेले नाही. आमच्या गावच्या निवृत्त सुभेदारकाकांनी सैन्यात ईशापूरच्या कारखान्यात बनलेले ९ मि.मी. पिस्तूल वापरले आहे. ते ब्राउनिंगच्याच शेवटच्या रचनेवर बनलेले आहे, हे मी सांगितले तेव्हा त्यांनाही नवल वाटले. ते म्हणाले की, डोळ्यांवर पट्टी बांधून ते उघडायचे आणि जोडायचे, असा सराव असे, आणि हत्यार म्हणून ना हातोडी लागे ना पेचकस. शस्त्राची पारख चकाकीवरून करू नये, रात्री पावसात ते ज्याला साफ करावे लागते त्याला विचारावे, असे त्यांचे मत. आमच्या दादांचेही विळ्याबद्दल हेच म्हणणे असते. धार काय, कोणीही लावील. पाणी नीट दिले आहे की नाही, ते दुसऱ्या हंगामात कळते.

ब्राउनिंगच्या स्वभावात कारागिराचा मानीपणाही होता. आपोआप भरणारी शिकारी बंदूक त्याने बनवली, तेव्हा तिची एकरकमी किंमत घेण्यास त्याने नकार दिला आणि विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बंदुकीमागे हिस्सा मागितला. विंचेस्टरने तो मान्य केला नाही. १९०२ साली वीस वर्षांचा संबंध तोडून तो रेमिंग्टन कंपनीकडे गेला. तेथे अध्यक्षांच्या भेटीसाठी बसला असतानाच अध्यक्ष हृदयविकाराने वारल्याचे त्याला कळले. तो डगमगला नाही. नमुना घेऊन बोटीत बसला आणि बेल्जियमला गेला. एफ.एन.ने ती बंदूक बनवली आणि ती पिढ्यान्‌पिढ्या विकली गेली. मात्र पहिल्या महायुद्धात देशाने मशिनगन, स्वयंचलित रायफल आणि पिस्तूल यांचे हक्क मागितले, तेव्हा साडेसात लाख डॉलर त्याने घासाघीस न करता घेतले. हिस्सा मागितला असता तर याच्या कितीतरी पट मिळाले असते.

आता मला ज्या गोष्टीने बेचैन केले ती सांगतो. २८ जून १९१४ रोजी साराजेव्हो येथे गाव्ह्रिलो प्रिन्सिप या एकोणीस वर्षांच्या तरुणाने ऑस्ट्रियाचे युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्यांच्या पत्नी यांना ठार केले आणि त्यातून महायुद्ध पेटले. ते पिस्तूल १९१० चे एफ.एन. ब्राउनिंग होते. त्या युद्धाची पहिली मोठी लढाई लिएजभोवतीच झाली. म्हणजे जेथे पिस्तूल घडले, तेथेच आग परत आली. १९०९ मध्ये हार्बिन स्थानकावर कोरियाच्या आन जुंग-गुन यांनी जपानच्या इतो यांना मारले तेही ब्राउनिंगनेच. कोरियात आन हे हुतात्मा आहेत, जसे आमच्याकडे कान्हेरे. आणि ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत गांधीजींवर ज्या अर्धस्वयंचलित पिस्तुलातून तीन गोळ्या झाडल्या गेल्या, ते ब्राउनिंगचे नव्हते, इटलीचे बेरेट्टा होते. पण ते धरणारा हात मराठी होता. नाशिकच्या पिस्तुलाचा अभिमान सांगताना दिल्लीच्या पिस्तुलाबद्दल गप्प बसणे मला जमत नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या भागात बांधाच्या भांडणातून एकाने दुसऱ्यावर कोयत्याने वार केला. कोयता दादांनी केलेला होता. पोलीस आमच्याकडे आले नाहीत, कोणी दोषही दिला नाही. पण दादांनी चार दिवस भाता पेटवला नाही. पाचव्या दिवशी ऊसतोडीला निघालेली माणसे दारात येऊन बसली, तेव्हा ते उठले आणि ऐरणीपाशी गेले. कोयत्याशिवाय त्या माणसांचे पोट भरले नसते. पण कोयत्याला ऊस तोडायचे तरी काम असते. पिस्तुलाला दुसरे काम नाही. ब्राउनिंगच्या आणि दादांच्या कामातला हा फरक मला पुसता येत नाही, त्याच्या कारागिरीबद्दल कितीही आदर वाटला तरी.

ब्राउनिंग मात्र शेवटपर्यंत थांबला नाही. २६ नोव्हेंबर १९२६ रोजी हेर्स्टालच्या कारखान्यात काम करत असताना त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि आपल्या मुलाच्या, व्हॅलच्या, कचेरीत त्याने प्राण सोडला. वय ७१, नावावर १२८ पेटंटे. अर्धवट राहिलेले पिस्तूल दिउदोने सेव्ह या बेल्जियन कारागिराने पुरे केले. तेरा गोळ्यांचे मॅगझिन ही त्याचीच करामत, आणि १९३५ मध्ये ते हाय पॉवर या नावाने आले. १९४० मध्ये जर्मनांनी बेल्जियम जिंकला आणि हेर्स्टालच्या कारखान्यात तेच पिस्तूल स्वतःसाठी बनवून घेतले. तिकडे कॅनडात टोरांटोच्या इंग्लिस कंपनीने तेच पिस्तूल दोस्तांसाठी बनवले. एकाच माणसाच्या हातचे काम दोन्ही फळ्यांच्या कमरेला लटकत होते आणि दोन्हीकडे ते सारखेच चोख चालत होते.

मित्रहो, वस्तू चांगली घडवणे हे घडवणाऱ्याच्या हाती असते, आणि ते ब्राउनिंगने जन्मभर निष्ठेने केले. शिक्षण नाही, भांडवल नाही, अशा घरातून आलेल्या आमच्यासारख्यांनी त्याच्यापासून ती निष्ठा घ्यावी. परंतु आपण जे घडवू ते कोणाच्या हाती जाणार आणि कशासाठी, हा प्रश्न त्याच्या चरित्रात सुटलेला नाही. पदवी घेऊन आपण उद्या कारखान्यात, कचेरीत, शाळेत कामाला लागू, तेव्हा तो आपल्याही पुढे येईल. त्याचे उत्तर ज्याचे त्यानेच द्यायचे आहे.