रिचर्ड ब्राइट
रिचर्ड ब्राइट (२८ सप्टेंबर, १७८९:ब्रिस्टल, इंग्लंड - १६ डिसेंबर, १८५८:लंडन, इंग्लंड) हे ब्रिटिश चिकित्सक होते. त्यांना मूत्रपिंडविकारशास्त्राचे जनक मानले जाते.

जीवन
ब्राइट यांचे वडील ब्रिस्टलमधील व्यापारी व सावकार होते. १८०८ साली त्यांनी एडिनबरा विद्यापीठात प्रवेश घेतला. १८१० मध्ये ते सर जॉर्ज मॅकेन्झी यांच्या आइसलँड मोहिमेत सहभागी झाले. १८१३ साली त्यांना वैद्यकाची पदवी मिळाली. १८२० मध्ये ते लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये रुजू झाले. थॉमस ॲडिसन व थॉमस हॉजकिन हे तेथील त्यांचे सहकारी होते.

संशोधन
त्या काळी अंगावरील सूज हाच एक स्वतंत्र रोग समजला जाई. काही रुग्णांचे मूत्र तापवल्यास गोठते, हे इटलीच्या डोमेनिको कोतून्यो यांनी पूर्वीच पाहिले होते. ब्राइट सुजलेल्या रुग्णांचे मूत्र चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवत. त्यात अल्ब्युमिन असल्यास ते गढूळ होई. अशा रुग्णांच्या शवविच्छेदनात त्यांना मूत्रपिंडे विकृत आढळली. सूज, मूत्रातील अल्ब्युमिन व मूत्रपिंडाचा विकार यांचा संबंध त्यांनी १८२७ साली 'रिपोर्ट्स ऑफ मेडिकल केसेस' या सचित्र ग्रंथात मांडला. उपचार मात्र रक्तमोक्षण व रेचके यांपुरतेच मर्यादित राहिले.

वारसा
'ब्राइटचा रोग' या एका नावाखाली मूत्रपिंडाचे अनेक विकार एकत्र आले होते; ते पुढे वेगळे करण्यात आले. त्यांपैकी नेफ्रोटिक सिंड्रोममध्ये मूत्रावाटे पुष्कळ प्रथिने जातात, रक्तातील अल्ब्युमिन घटते, कोलेस्टेरॉल वाढते आणि सूज येते. मुलांमध्ये ती बहुधा प्रथम डोळ्यांभोवती दिसते. मुलांमधील याचे सर्वांत सामान्य कारण असलेल्या 'मिनिमल चेंज' विकारात मूत्रपिंड साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही जवळजवळ निरोगी भासते. गाळणीच्या पेशींमधील बदल केवळ इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने कळतो. त्यामुळे ब्राइट यांच्या शवविच्छेदनात तो दिसणे शक्य नव्हते. काही मुलांत गाळणीतील व्रण, संसर्ग किंवा आनुवंशिक दोष हे कारण असते. मिनिमल चेंज विकाराची बहुतेक मुले स्टेरॉइडने बरी होतात, परंतु अनेकांमध्ये आजार उलटतो. तो वेळीच ओळखण्यासाठी भारतातही पालकांना घरी मूत्र तपासण्यास शिकवले जाते. पट्टी नसल्यास ही तपासणी आजही मूत्र तापवून करता येते.

मृत्यू
हृदयाच्या झडपेच्या विकाराने ब्राइट यांचे निधन झाले. केन्सल ग्रीन दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.