छायाप्रकाशाचे उपासक : राजा रविवर्मा

आपल्या वऱ्हाडात कमळावर उभी असलेली लक्ष्मी भिंतीवर नाही, असे जुने घर क्वचितच सापडेल. अशा चित्रांचे जनक म्हणजे राजा रविवर्मा. मला मात्र त्यांची खरी ओळख विमानाच्या चित्रामुळे झाली, हे वाचून वाचकांना नवल वाटेल.

रविवर्मांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे झाला. भाच्याचा हात ओळखून मामा राजराजवर्मांनी त्याला चित्रकलेचे पहिले धडे दिले. चौदाव्या वर्षी ते त्रिवेंद्रमच्या दरबारात आले. तेथे १८६८ साली थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार आला. तो कोणाला शिकवीत नसे. रविवर्मांनी त्याचे काम पाहूनच विद्या आत्मसात केली. तैलरंग सावकाश वाळतो, म्हणून एक छटा दुसरीत अलगद मिसळता येते. प्रकाश एका बाजूने येऊ द्यावा आणि दुसरी बाजू क्रमाक्रमाने गडद करीत न्यावी, की सपाट कापडावर गोलाई उमटते. याच बळावर १८७३ साली मद्रासच्या प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळाले. पुढे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांसाठी त्यांनी चौदा पौराणिक चित्रे रंगविली.

पण राजवाड्यातील चित्र गरिबाला कसे दिसावे? ती छापून घ्यावीत, असे सर टी. माधवरावांनी सुचविले होते. १८९४ साली रविवर्मांनी मुंबईत शिळाछापखाना काढला. तो नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. यंत्रे आणि तंत्रज्ञ जर्मनीहून आले. तेथे प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड असे. त्यावर तेलकट शाईने चित्र उलटे काढीत. दगड ओला केला की रंग फक्त तेलकट भागालाच धरी. छाया बारीक ठिपक्यांनी साधीत : दाट ठिपके म्हणजे गडद, विरळ म्हणजे फिके. पारदर्शक रंग एकावर एक चढत आणि त्यांतून तिसरी छटा निघे.

अकोल्याला माझ्या मावसभावाचे फ्लेक्सचे दुकान आहे. सुट्टीत मी तेथे संगणकावर बसतो. एप्रिल २०२५ मध्ये अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची सेवा सुरू झाली, तेव्हापासून त्या एटीआर विमानाची एक बाजू रंगविण्याचा मला छंद जडला आहे. आधी खाली सपाट रंग भरायचा. छायेसाठी त्यावर वेगळा थर घ्यायचा आणि तो 'मल्टिप्लाय' पद्धतीवर ठेवायचा, म्हणजे खालचा रंग झाकला न जाता गडद होतो. रविवर्मांच्या छापखान्यातील पारदर्शक शाईचेच हे तत्त्व! विमानाचे धड नळकांड्यासारखे असते. वर उजेडाची पट्टी, खाली उतरत जाणारी छाया. पण अगदी तळाशी जमिनीवरून परतलेला थोडा उजेड ठेवायचा. पंख धडाच्या वर असल्यामुळे त्यांच्याखालीही सावली द्यायची. छायेचा थर वेगळा असल्याने खालचा रंग न बिघडवता ती हवी तशी फिकी-गडद करता येते.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. चित्रांनी पोट भरत नाही, असे बाबांना वाटते. कपाशीचा भाव पडला की घरात काय होते, हे पाहिलेल्या माणसाची ही काळजी आहे. रविवर्मांचे चरित्रही त्यांच्याच बाजूने साक्ष देते. प्लेगने मुंबई उद्ध्वस्त केली, छापखाना कर्जात बुडाला आणि शेवटी तो त्यांच्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशरला, विकावा लागला. १९०५ साली त्यांचे बंधू व सहकारी सी. राजराजवर्मा वारले, २ ऑक्टोबर १९०६ रोजी स्वतः रविवर्माही गेले.

तरीही मला दुसरी बाजू दिसते. त्या दगडांवर ठिपके देणाऱ्या कारागिरांची चूल त्याच कलेवर पेटत होती. दादासाहेब फाळक्यांनीही चित्रपटाकडे वळण्यापूर्वी तेथे काम केले होते. रविवर्मा राजघराण्याच्या आश्रयाने वाढले, मी शेतकऱ्याच्या घरात. पण त्यांनी राजवाड्यातील चित्र आमच्यासारख्यांच्या भिंतीपर्यंत आणले, म्हणून ते मला परके वाटत नाहीत. बी.ए. पूर्ण करीनच, आणि त्याबरोबर हा हातही तयार करीन, असे मी बाबांना सांगितले आहे. छायाप्रकाशाच्या या थोर उपासकाला माझे विनम्र अभिवादन!