विश्लेषण : मांडीतला रॉड आणि मेचनिकॉफ यांचा गुलाबाचा काटा

निलंगा तालुक्यातल्या कोणत्याही गावात पारावर थोडा वेळ बसले, की मांडीत रॉड असलेला किंवा गुडघ्याची वाटी बदललेला एखादा माणूस भेटतोच. दुचाकी घसरते, हाड मोडते, लातूरला किंवा सोलापूरला शस्त्रक्रिया होते आणि माणूस पुन्हा चालू लागतो. बहुतेकांची गोष्ट इथे संपते. काहींना मात्र सहा महिन्यांनी, कधी दोन वर्षांनी त्याच जागी सूज येते आणि पू होतो. गोळ्या घेतल्या की तेवढ्यापुरता थांबतो, मग पुन्हा वाहू लागतो. शेवटी बसवलेला धातूच काढावा लागतो. सांधेबदलाच्या शस्त्रक्रियांत हे प्रमाण साधारण शंभरात एक-दोन मानले जाते. कातडी फाटून हाड बाहेर आलेल्या अपघातांत ते जास्त असते.

या संसर्गावर सध्या जगभर एक वेगळा प्रयत्न सुरू आहे. जंतू थेट मारण्यापेक्षा शरीराच्या पांढऱ्या पेशींना नॅनोपदार्थांची मदत देऊन त्यांच्याकडूनच जंतू संपवायचे. या पेशी लढतात, हे पहिल्यांदा ठामपणे सांगणारे एली मेचनिकॉफ डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. त्यांचा प्रसिद्ध प्रयोग शरीरात शिरलेल्या परक्या वस्तूवरचाच होता.

काटा टोचल्यावर काय दिसले?

डिसेंबर १८८२. इटलीतील सिसिली बेटावरचे मेसिना शहर. घरची मंडळी सर्कशीतली माकडे पाहायला गेली होती. मेचनिकॉफ एकटेच सूक्ष्मदर्शकाखाली तारामाशाची पारदर्शक पिल्ले पाहत होते. पिलांच्या अंगात काही पेशी इकडून तिकडे फिरताना दिसत होत्या. या पेशी घुसखोरांशी लढत असतील तर? बागेत जाऊन त्यांनी गुलाबाचे काटे तोडून आणले, पिलांच्या कातडीखाली टोचले आणि उत्सुकतेने रात्र जागून काढली. सकाळी काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडला होता.

पायात बाभळीचा काटा मोडला की दुसऱ्या दिवशी ठणका लागतो आणि पू होतो, हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही. तो पू म्हणजे रोगाची घाण नसून बहुतांशी लढून मेलेल्या पेशी असतात. त्या काळच्या वैद्यकाला मात्र हे उलटेच वाटत होते. पांढऱ्या पेशी जंतूंना शरीरभर पसरवतात, असा अनेकांचा समज होता.

मेसिनापर्यंतचा रस्ता

मेचनिकॉफ यांचा जन्म १८४५ मध्ये खारकॉव्हजवळचा, म्हणजे आजच्या युक्रेनमधला. चार वर्षांचा विद्यापीठ अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षांत संपवला आणि वयाच्या बाविसाव्या वर्षी ते ओडेसात शिकवू लागले. घरात मात्र सुख नव्हते. पहिली पत्नी ल्युडमिला लग्नाच्या वेळीच क्षयाने इतकी खंगली होती, की तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. १८७३ मध्ये ती गेली. त्या दुःखात मेचनिकॉफ यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला, पण ते वाचले. पुढे १८८१ मध्ये खचलेल्या मनःस्थितीत त्यांनी स्वतःला उलटून येणाऱ्या तापाच्या रुग्णाचे रक्त टोचून घेतले. त्यातूनही ते जेमतेम वाचले. त्याच वर्षी झारची हत्या झाली, विद्यापीठांत राजकारण तापले आणि ते राजीनामा देऊन दुसरी पत्नी ओल्गा हिच्यासह मेसिनाला गेले.

काट्याच्या प्रयोगानंतर व्हिएन्नात प्राध्यापक क्लाउस यांनी या पेशींना ‘फॅगोसाइट’ हे ग्रीक मुळाचे नाव सुचवले. मराठीत आपण भक्षक पेशी म्हणतो. मग पाणपिसवांवरचा प्रयोग झाला. एका बुरशीचे सुईसारखे बीजाणू पिसवेच्या आतड्यातून अंगात घुसतात. भक्षक पेशींनी ते वेळेत गिळले तर पिसू जगते, बीजाणू वाढले तर मरते. ही शर्यत त्यांनी पारदर्शक अंगातून प्रत्यक्ष पाहिली.

मेंढ्या, पॅरिस आणि मुंबई

१८८६ मध्ये ओडेसात लस देणारी संस्था निघाली आणि तिची सूत्रे मेचनिकॉफ यांच्याकडे आली. डॉक्टर नसल्याचा टोमणा स्थानिक वैद्यमंडळी सोडत नव्हती. त्यातच ते गावाबाहेर असताना काळपुळीची लस टोचलेल्या हजारो मेंढ्या मेल्या. १८८८ मध्ये ते पॅरिसला गेले. लुई पाश्चर यांनी नव्या संस्थेत त्यांना प्रयोगशाळा दिली आणि उरलेले आयुष्य त्यांनी तिथेच काढले.

त्यांच्यामागोमाग ओडेसाचा एक विद्यार्थीही पॅरिसला आला. ज्यू असल्याने मायदेशी प्राध्यापकपदाची वाट बंद, म्हणून १८८९ मध्ये पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात साहाय्यकाची नोकरी त्याने पत्करली. हा विद्यार्थी म्हणजे वाल्डेमार हाफकिन. ऑक्टोबर १८९६ मध्ये प्लेगने हादरलेल्या मुंबईत ते पोहोचले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था महाराष्ट्राला ठाऊक आहे. हाफकिन यांचे गुरू कोण, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

इकडे युरोपात मेचनिकॉफ यांना कडाडून विरोध होत होता. १८९० मध्ये बेहरिंग आणि कितासातो यांनी रक्तातल्या द्रवातच विषाला निष्प्रभ करणारे घटक असतात, हे दाखवले. मग पेशी हव्यात कशाला, असा जर्मन गटाचा सवाल होता. हा वाद वर्षानुवर्षे चालला. पुढे आल्मरॉथ राइट यांनी रक्तातले काही घटक जंतूंना चिकटतात आणि मगच पेशी त्यांना सहज गिळतात, असे मांडले. म्हणजे दोघेही बरोबर होते. १९०८ चे नोबेल मेचनिकॉफ आणि जर्मन गटातले पॉल एर्लिख यांना विभागून मिळाले. त्याच डिसेंबरात मेसिना भूकंपात जमीनदोस्त झाले. तो अनुभव काय असतो, हे किल्लारीच्या पट्ट्याला सांगायला नको.

मग धातूपुढे या पेशी हरतात का?

१९५७ मध्ये लंडनमध्ये एलेक आणि कोनेन यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग केला. कातडीत पू होण्यासाठी एरवी काही दशलक्ष जंतू टोचावे लागत, पण रेशमी टाका असेल तर शंभराच्या आसपास पुरत. परकी वस्तू आली की पेशींची ताकद घटते. काटा पेशींनी वेढता येतो, मांडीएवढा रॉड गिळता येत नाही. पेशी त्याच्यावरच झटत राहतात आणि थकतात. तेवढ्यात जंतू धातूला चिकटून स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. या थरातल्या जंतूंवर प्रतिजैविके फारशी चालत नाहीत. शिवाय हा थर भक्षक पेशींना लढाऊ अवस्थेतून डागडुजीच्या अवस्थेत ढकलतो. म्हणजे जंतू समोर असताना पहारेकरी गवंडीकामाला लागतो.

नॅनोपदार्थ इथे कामाला येतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. टायटॅनियमच्या पृष्ठभागावर काही दहा नॅनोमीटर व्यासाच्या नळ्या उगवल्या, तर त्यावर बसणाऱ्या पेशीचा आकार आणि वागणे बदलते. जस्त, तांबे यांचे आयन सावकाश सोडणारे थर पेशींना आधी लढायला आणि नंतर हाड भरायला लावतात का, हेही तपासले जाते. तिसरा मार्ग मला सर्वांत हुशारीचा वाटतो. भक्षक पेशींना कण गिळण्याची सवयच असते, म्हणून औषध कणात भरून त्यांनाच खाऊ घालायचे. काही जंतू या पेशींच्या पोटातच दडून बसतात आणि औषध नेमके तिथे पोहोचते.

यातले बहुतेक काम अजून प्रयोगशाळेत आणि उंदीर-सशांवर आहे. चांदीचा थर दिलेले काही इम्प्लांट, विशेषतः हाडाच्या कर्करोगात मोठा भाग बदलताना, रुग्णांत वापरले जातात. पण चांदीचा रोख थेट जंतूंवर असतो. आणि धोकाही आहे. कृत्रिम सांध्यातले प्लास्टिक झिजून निघालेले बारीक कण याच पेशी गिळतात, चवताळतात आणि त्यांच्या संदेशांमुळे भोवतालचे हाड झिजून सांधा ढिला होतो. पेशींना चेतवायचे किती आणि शांत कधी करायचे, हे गणित अजून सुटलेले नाही.

या पेशी घरचेही खातात, अशी शंका मेचनिकॉफ यांनाही होती. म्हातारपणी केस पांढरे होतात ते याच पेशींमुळे, असे ते मानत. तो अंदाज चुकला. आतड्यातल्या जंतूंमुळे म्हातारपण लवकर येते, असेही त्यांचे मत होते आणि त्यासाठी ते रोज आंबवलेले दूध घेत. १५ जुलै १९१६ रोजी पॅरिसमध्ये हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवल्या आहेत.

रॉड किंवा बदललेला सांधा असणाऱ्यांसाठी आज उपयोगाचे एवढेच : त्या जागी नव्याने दुखू लागले, सूज आली किंवा पाणी येऊ लागले, तर दुकानातून परस्पर प्रतिजैविक घेऊ नये. आधी शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना दाखवावे. गोळ्या सुरू झाल्या, की नमुन्यात जंतू सापडणे अवघड होते.