विल्यम हार्वे : रक्ताभिसरणाचा शोध लावणारा वैद्य

दंडाला पट्टा गुंडाळून डॉक्टर रक्तदाब पाहतात, हे आता आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु अशीच दंडाला पट्टी बांधून एका इंग्रज वैद्याने साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी केवढे मोठे सत्य सिद्ध केले, ते थोड्याच भगिनींना ठाऊक असेल.

विल्यम हार्वेचा जन्म इंग्लंडातील फोकस्टन गावी १ एप्रिल १५७८ रोजी झाला. केंब्रिजला शिकून तो इटलीतील पादुआ विद्यापीठात गेला व १६०२ मध्ये वैद्यकाची पदवी घेऊन लंडनला परतला. पादुआस त्याचे गुरू फॅब्रिशियस यांनी नीलांमधील, म्हणजे हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या शिरांमधील, लहान लहान झडपा दाखवून दिल्या होत्या. त्या कशासाठी, हे मात्र उकलले नव्हते.

त्या काळी गेलन या प्राचीन वैद्याचे मत प्रमाण मानीत. अन्नापासून यकृतात रक्त तयार होते व शरीरात ते जिरून जाते, असे ते मत होते. हार्वेने गृहिणीने वाणसामानाचा हिशेब करावा तसा सरळ हिशेब केला. अर्ध्या तासात हृदयाचे ठोके हजारावर पडतात. दर ठोक्याला अगदी थोडे रक्त बाहेर पडते असे धरले, तरी एकूण रक्त सबंध देहातल्या रक्ताहून जास्त भरते. एवढे रक्त कोणत्या अन्नातून निघणार? अर्थात तेच रक्त फिरून फिरून येत असले पाहिजे.

दंड बांधला की हाताच्या शिरा फुगतात. बोटाने रक्त हृदयाकडे ढकलले तर जाते, पंजाकडे ढकलले तर झडपांशी अडते. गुरूंचे कोडे असे सुटले.

१६२८ मध्ये त्याचा लॅटिन ग्रंथ फ्रांकफुर्टला छापला गेला. तेव्हा हार्वे पन्नाशीत होता, राजाचा वैद्य होता, व्यवसाय चांगला चालला होता. परंतु त्याला ओळखणारा जॉन ऑब्रे सांगतो की, ग्रंथ निघताच लोक त्याला वेडगळ समजू लागले व रोगी कमी झाले. तरी त्याने आपले म्हणणे सोडले नाही.

१६३४ मध्ये लँकाशायरमधील काही स्त्रियांवर चेटकाचा आळ आला. राजाज्ञेने हार्वेच्या देखरेखीखाली सुइणींनी व शस्त्रवैद्यांनी त्यांची तपासणी केली. अस्वाभाविक असे काही आढळले नाही. ऐकीव गोष्टींपेक्षा डोळ्यांनी पाहिलेले खरे मानावे, ही त्याची वृत्ती येथेही दिसली.

पुढे यादवी युद्धात त्याचे घर लुटले गेले आणि कीटकांवरील मोलाची टिपणे कायमची गेली. ३ जून १६५७ रोजी तो निवर्तला. रोहिणींतून नीलांत रक्त कोठून जाते, हे त्याला दिसले नव्हते. १६६१ मध्ये माल्पिगीने सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या पाहिल्या.

आता आपण जाणतो की, रोहिणींच्या भिंती लवचिक असून त्यांना स्नायूंचे अस्तर असते. आपण अंथरुणातून उठतो तेव्हा रक्त पायांकडे ओढले जाते. मानेतील रोहिणींना दाब उतरल्याचे कळते, त्या मेंदूस खबर देतात. लगेच हृदय जलद चालते व रक्तवाहिन्या आवळतात. मूत्रपिंडे पाणी व मीठ यांचा तोल राखून दीर्घकाळ दाब सांभाळतात. हा तोल बिघडून दाब चढला, तरी पुष्कळदा काहीच दुखत नाही. म्हणून भगिनींनो, घरातल्या सर्वांची काळजी वाहताना आपलाही दंड अधूनमधून डॉक्टरांपुढे करावा. हार्वेप्रमाणे अंदाजावर न राहता मोजून पाहावे.