रहीम साब : भारताच्या फुटबॉलला घडवणारा हैदराबादचा शाळामास्तर

खाम नदीचा पूल ओलांडून छावणीत शिरलं की शहराचा गोंगाट जरा मागे पडतो. गुरुवारच्या बाजाराची गर्दी सोडली, तर बाकीच्या दिवशी अस्रची नमाज झाली की मोकळी जागा दिसेल तिथे पोरं चेंडू घेऊन उतरतात. कुणाच्या अंगात मेस्सीचा शर्ट, कुणाच्या रोनाल्डोचा. युरोपातल्या क्लबांची नावं आणि खेळाडूंच्या किमती त्यांना तोंडपाठ असतात. पण भारताच्या फुटबॉल संघाने आशियाई क्रीडास्पर्धेत दोनदा सुवर्णपदक जिंकलंय आणि दोन्ही वेळी संघ बांधणारा माणूस एक साधा शाळामास्तर होता, हे सांगितलं की पोरं आमच्या तोंडाकडे बघत राहतात. २०२४ च्या ईदला ‘मैदान’ सिनेमा आला तेव्हापासून काहींना नाव कळलंय, एवढंच. सिनेमा तीन तासांत संपतो. त्या माणसाची गोष्ट मात्र त्याच्या मृत्यूनंतरही बरीच वर्षं चालू राहिली.

त्या मास्तरांचं नाव सय्यद अब्दुल रहीम. सगळे त्यांना रहीम साब म्हणत. ते हैदराबादचे, आणि म्हणून आपल्यासाठी अजिबात परके नाहीत. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत औरंगाबाद हैदराबाद राज्यातच होतं. आपल्याकडच्या कॉलेजच्या शिक्षणाची दोरीही उस्मानिया विद्यापीठाशी बांधलेली होती. बाबा-ए-उर्दू मौलवी अब्दुल हक यांच्यासारखा माणूस इथल्या उस्मानिया कॉलेजचा प्राचार्य होता. आपली छावणीसुद्धा हैदराबाद कंटिन्जंटच्या फौजेसाठी वसलेली. हिंदुस्थानात फुटबॉल आला तो अशाच छावण्यांमधून, गोऱ्या पलटणींच्या बुटांबरोबर. म्हणजे ज्या राज्यात रहीम साब घडले, त्याच राज्याचे आपले आजे-पणजे होते.

रहीम साबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ चा. शिक्षण उस्मानियात झालं, विद्यापीठाच्या संघातून फुटबॉलही खेळले. पदवी घेतल्यावर त्यांनी शिक्षकी धरली. काचीगुडा मिडल स्कूल, दारुल उलूम हायस्कूल, चादरघाट हायस्कूल अशा शाळांत शिकवलं. शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि शाळेतल्या खेळांची जबाबदारी अंगावर घेतली. आमच्या मते त्यांच्या पुढच्या सगळ्या यशाची किल्ली इथेच आहे. ते आधी मास्तर होते आणि मग प्रशिक्षक झाले. कोणत्या मुलाला कसं समजावायचं, कुणाला रागवायचं, कुणाच्या पाठीवर हात ठेवायचा, हे ते वर्गात शिकले आणि मैदानावर घेऊन गेले.

१९४० च्या दशकात ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले आणि शेवटपर्यंत त्या कामात राहिले. सचिव म्हटलं की खुर्ची, फाईल आणि भाषण असं आपल्या डोळ्यांसमोर येतं. रहीम साबांनी काय केलं बघा. त्यांनी लहान मुलांसाठी वेगळ्याच स्पर्धा सुरू केल्या. एका स्पर्धेत फक्त कमजोर पायाने चेंडू मारायचा. उजवा पाय चालत असेल तर डाव्याने खेळायचं. दुसरीत चेंडू घेऊन पळत सुटायला मनाई, पटकन सोबत्याला पास द्यायचा. कमी उंचीच्या मुलांसाठी वेगळ्या स्पर्धा, म्हणजे दांडग्या पोरांच्या धक्क्याने बारकी पोरं मैदानाबाहेर जायला नकोत. याला पैसा फार लागत नव्हता, डोकं लागत होतं. या खेळाखेळात हैदराबादच्या गल्ल्यांमधून दोन्ही पायांनी खेळणारे, डोकं वर ठेवून पास देणारे खेळाडू तयार झाले.

१९५० मध्ये हैदराबाद सिटी पोलीस संघाची सूत्रं त्यांच्याकडे आली. त्याच वर्षी या संघाने ड्युरँड कप जिंकला. मुंबईच्या कूपरेज मैदानावर तर कमालच झाली. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं रोव्हर्स कप हैदराबाद पोलिसांनीच नेला. ज्या रोव्हर्स कपची सुरुवात इंग्रजांनी १८९१ मध्ये केली होती, तिथे निजामाच्या जुन्या मुलखातले पोलीस शिपाई पाच वर्षं कुणाला हात लावू देत नव्हते. त्या पाचही वर्षांत औरंगाबाद हैदराबाद राज्यातच होतं, म्हणजे तो आपल्याच राज्याचा संघ होता.

याच काळात ते भारताच्या संघाचेही प्रशिक्षक झाले. १९५१ ची पहिली आशियाई स्पर्धा दिल्लीत झाली. अंतिम सामन्यात मेवालालच्या एका गोलवर भारताने इराणला १-० असं हरवलं आणि सुवर्णपदक घेतलं. पण पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असं धुतलं. थंडीत आपले काही खेळाडू अनवाणी खेळत होते. हा पराभव कुणालाही घरी बसवणारा होता. रहीम साब बसले नाहीत. देशात बूट सक्तीचे झाले आणि त्यांनी खेळण्याची पद्धतच बदलायला घेतली. त्या वेळी हंगेरीच्या संघाने जगाला नवा खेळ दाखवला होता. तो त्यांनी अभ्यासला आणि आपल्या पोरांच्या अंगाला बसेल असा कापून शिवला. चार-दोन-चार ही रचना १९५८ च्या विश्वचषकात ब्राझीलमुळे जगभर गाजली. रहीम साबांचे संघ त्याआधीपासूनच त्या वाटेने खेळत होते, असं जाणकार सांगतात.

१ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य मोडलं. मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेलंगण आंध्रला जोडला गेला. बरोबर एका महिन्याने, १ डिसेंबरला, मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवलं. मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने तीन गोल मारले. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. उपांत्य फेरीत युगोस्लाव्हियाविरुद्धही पहिला गोल त्यानेच केला, पण सामना ४-१ ने गेला. पुढे बल्गेरियाशी ०-३ हार झाली आणि भारत चौथा आला. चार वर्षांपूर्वी दहा गोल खाणारा देश जगात चौथा! ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये इतकी मजल भारताने ना आधी मारली होती, ना नंतर मारली. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये हंगेरीशी आपण १-२ ने हरलो आणि फ्रान्सला १-१ असं रोखलं.

मग आलं जकार्ता, १९६२. रहीम साबांना कर्करोगाने गाठलं होतं. स्पर्धेची सुरुवातही वाईट झाली, दक्षिण कोरियाकडून ०-२ हार. थायलंडला ४-१ ने हरवलं, पण जर्नेल सिंगच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. मग जपानवर २-० आणि उपांत्य फेरीत दक्षिण व्हिएतनामवर ३-२ असा विजय मिळाला. मैदानाबाहेर हवा तापलेली होती. इंडोनेशियाने इस्राईल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिलं नव्हतं, त्यावर एका भारतीय पदाधिकाऱ्याने आक्षेप घेतला आणि सगळा राग भारतीयांवर निघाला. जमाव दूतावासावर चालून गेला. ४ सप्टेंबरला अंतिम सामना होता, आणि भरगच्च स्टेडियम भारताच्या विरोधात ओरडत होतं. त्या गर्दीत पाकिस्तानच्या हॉकी संघाचे खेळाडू मात्र भारताच्या बाजूने उभे होते, असं आपल्या खेळाडूंनी नंतर आठवणींत सांगितलंय.

समोर पुन्हा दक्षिण कोरिया. गोलरक्षक थंगराज तापातून उठलेला. डोक्याला टाके पडलेला बचावपटू जर्नेल, त्याला रहीम साबांनी चक्क आघाडीला खेळवलं. पी. के. बॅनर्जींनी पहिला गोल केला, जर्नेलने दुसरा. २-१ ने भारत जिंकला. तो संघ जरा डोळ्यांसमोर आणा. कर्णधार बंगालचा चुन्नी गोस्वामी, पंजाबचा शीख जर्नेल, हैदराबादकडचे युसुफ खान आणि बलराम, गोव्याचा फ्रँको, ख्रिश्चन थंगराज, नेपाळी वंशाचा राम बहादूर. आणि त्या सगळ्यांना बांधून ठेवणारा, हैदराबादी उर्दूत बोलणारा एक मास्तर. आज कुणी आपल्याला देशाशी नातं विचारलं तर वाद घालत बसण्याची गरज नाही. तो फोटो दाखवावा.

नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी, रहीम साबांचं हैदराबादमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने निधन झालं. वय ५३. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार सुरू व्हायला अजून २२ वर्षं होती.

पण मास्तराचं काम विद्यार्थ्यांत उरतं. मलेशियाचे नेते टुंकू अब्दुल रहमान यांच्या पुढाकाराने १९५९ पासून आशियातल्या तरुण खेळाडूंची स्पर्धा सुरू झाली होती. १९७४ मध्ये ती बँकॉकला भरली. भारताच्या युवा संघाचे प्रशिक्षक होते अरुण घोष, जकार्ताच्या अंतिम सामन्यात रहीम साबांसाठी बचावात खेळलेले. कर्णधार होता हैदराबादचा शब्बीर अली, वय जेमतेम अठरा. रहीम साब गेले तेव्हा तो सात वर्षांचा होता. अंतिम सामन्यात आदल्या वर्षीच्या विजेत्या इराणशी २-२ अशी बरोबरी झाली आणि भारत संयुक्त विजेता ठरला. भारताच्या युवा संघाचं आशियातलं ते सर्वात मोठं यश. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत तसं यश पुन्हा आलं नाही. २०१८ मध्ये १६ वर्षांखालचा संघ उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण कोरियाकडून ०-१ ने हरला. तो सामना जिंकला असता तर आपली पोरं स्वतःच्या बळावर विश्वचषकाला गेली असती.

विश्वचषक त्याआधी २०१७ मध्ये आपल्या दारात आला होता, १७ वर्षांखालच्या मुलांचा. यजमान म्हणून भारताला जागा मिळाली. दिल्लीत अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४ अशा तिन्ही हारी पदरी पडल्या. पण कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने हेडर मारून भारताचा फिफा विश्वचषकातला पहिला गोल केला. त्या संघात आपल्या महाराष्ट्राचा, कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, रिक्षाचालकाचा मुलगा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झालेला. आणि या स्पर्धेआधी देशभर मुलं हुडकण्याच्या कामावर होते एस. एस. हकीम. म्हणजे रहीम साबांचे चिरंजीव! ते स्वतः रोम ऑलिम्पिकच्या चमूत होते, पुढे फिफाचे पंच झाले. २०२१ मध्ये त्यांचंही निधन झालं. बाप शाळांमधून मुलं निवडत होता, मुलगा वयाच्या सत्तरीत तेच करत होता.

आता परत छावणीत येऊ. इथे चांगला खेळणारा मुलगा आम्ही दरवर्षी बघतो. तेरा-चौदाव्या वर्षी सगळ्यांना चकवतो. सोळाव्या वर्षी तो वाळूजच्या कंपनीत किंवा गॅरेजवर लागलेला असतो आणि मैदानावर दिसत नाही. घरच्यांना दोष देऊन उपयोग नाही, चूल पेटायलाच हवी. पण खेळ म्हणजे टाईमपास आणि अभ्यासाचा शत्रू, ही समजूत तरी आपण सोडायला हवी. रहीम साब पदवीधर होते, शिक्षक होते. त्यांनी शाळा आणि मैदान यांच्यात भांडण लावलं नाही. शिवाय कोल्हापूरच्या त्या मुलाच्या घरीही पैसा नव्हता. त्याला वेळेवर मैदान आणि मास्तर मिळाला.

मोठं स्टेडियम आणि परदेशी प्रशिक्षक आपल्या हातात नाहीत. पण रविवारी सकाळी फजरनंतर कमजोर पायाची स्पर्धा घेणं आपल्या हातात आहे. एक चेंडू, चार दगडांचे गोल, शिट्टी वाजवणारा एखादा निवृत्त पीटीचा मास्तर. मोहल्ल्यातल्या सगळ्या पोरांना घ्या, मग ती मशिदीच्या गल्लीतली असोत, चर्चच्या असोत की मंदिराच्या. मुलींनाही घ्या. जकार्ताचा संघ असाच मिसळलेला होता.

एवढं झालं तर रहीम साबांचं नाव छावणीत नुसतं ऐकलेलं राहणार नाही, डाव्या पायाने चेंडू मारणाऱ्या पोराच्या कामी येईल. अल्लाह मरहूम रहीम साबांना जन्नतुल फिरदौसमध्ये आला मुकाम अता फर्मावो. आमीन.